चांगुणाबायने धवला म्हटला नाही

चांगुणाबाय गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावाच्या नाक्यावर भला मोठा फलक लागला. वर तिचा फोटो आणि खाली रंगाने लिहिलेलं, 'लोककला जपणाऱ्या मायाळू माउलीला भावपूर्ण आदरांजली.' त्याच्याही खाली, फोटोपेक्षा ठळक अक्षरांत, गावच्या पुढाऱ्याचं, भाऊसाहेबांचं नाव. मी एस.टी.तून उतरले, फलक वाचला आणि माझं डोकं फिरलं. मायाळू म्हणे! बायने कुणाला मायेने हाक मारल्याचं मला आठवत नाही. 'ए, हिकडं ये' ही तिची हाक. तीच सरपंचाला, तीच शाळेतल्या पोरीला. गावाचं नाव मी सांगत नाही. पनवेलहून खाडीच्या बाजूला निघालं की लागतं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांतली निम्मी आता मला वाकून नमस्कार करतात.

बाई मेली की तिला गोड करून टाकायची, ही आपली जुनी खोड. एकदा माउली म्हटलं की ती काय बोलायची ते विसरायला आपण मोकळे. ते मला होऊ द्यायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

चांगुणाबाय धवलारीण होती. आमच्या पनवेल-उरणकडच्या आगरी लग्नात भटजी येतो तो मंगलाष्टकांपुरता. बाकी हळदीपासून पुढचं सगळं चालतं ते धवलारणीच्या शब्दावर. ती धवला म्हणते, म्हणजे प्रत्येक विधीचं गाणं, आणि तिने तोंड उघडल्याशिवाय हळद लागत नाही. नवरीला कोण हात लावणार, कधी बसवायचं, कधी उठवायचं, सगळं तीच सांगते. एरवी मिशीला पीळ देत फिरणारे पुरुष मांडवात ती नुसती खाकरली तरी गप्प होतात. एवढी सत्ता गावातल्या दुसऱ्या कुठल्या बाईच्या हातात मी पाहिली नाही. बाकीच्या धवलारणी लुगडं-नारळ घेऊन घरी जाताना ती सत्ता मांडवातच ठेवून जायच्या. बाय ती वापरायची.

लग्नसराई नसली की ती पनवेलच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेत बसायची. अंगाने काटकुळी, मिश्रीने काळे पडलेले दात आणि समोरच्याला आरपार बघणारी नजर. मी पनवेलच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि घरी जाताना तिच्याकडून जवळा घ्यायचे. पहिल्यांदा घेतला तेव्हा मी भाव पाडून मागितला. तिने पिशवीत घातलेला जवळा परत काढून घेतला आणि म्हणाली, "तुला नाय परवडत. जा, वांगी खा." मी चिडून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तिचा जवळा खरोखर चांगला असायचा.

धवलारीण म्हणून मी तिला पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला, आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या मुलीच्या लग्नात. हळद लावायच्या आधी बाय नवरीला आतल्या खोलीत घेऊन गेली. खोलीतल्या सगळ्या बायकांना, नवरीच्या आईलासुद्धा, तिने बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. बाहेर वाजंत्री खोळंबलेली, पाहुणे कुजबुजताहेत. मी शेजारच्या म्हातारीला विचारलं, ही कुठली रीत? ती म्हणाली, "चांगुणाची." रीतीत असलं काही नव्हतंच. बायने ते स्वतः घुसडलं होतं आणि कुणी विचारलंच तर ती दडपून सांगायची, "माझ्या सासूपासून हाय."

आत काय चालायचं ते पुढे मला बऱ्याच मुलींनी सांगितलं. आधी ती विचारायची, "तुला जायाचा हाय का? मनातला सांग, कुनाला बोलनार नाय." लग्न ठरवताना हे कुणी विचारलेलंच नसायचं, त्यामुळे काहीजणी हसायच्या आणि काहीजणी तिथेच कोसळायच्या. मग बाय सासरच्या गावातल्या एका बाईचं नाव सांगायची. "तिचा दार तुझ्यासाठी उघडा हाय. मारला, उपाशी ठेवला, दिरा-सासऱ्याने अंगाला हात लावला, तर तिच्याकं जा. माहेरी धावू नको. माहेरचे परत पोचवतील." हे शेवटचं ऐकून मला तेव्हा धक्का बसला होता. आता बसत नाही. पोचवतातच. माझ्या वर्गातल्या किती मुलींना पोचवलं ते मी पाहिलं आहे, आणि पोचवणाऱ्यांत शिकलेसवरलेलेही होते.

नवरीने ते नाव मोठ्याने म्हणून दाखवल्याशिवाय बाय दार उघडायची नाही.

करंजाड्यात, ओव्याला, रोडपालीला, पार उरणच्या वाटेवरच्या गावांतही तिची अशी दारं होती. कुणी विधवा, कुणी टाकलेली, तर कुणी पूर्वी बायनेच हळद लावलेली. या सगळ्या बाजाराच्या निमित्ताने पनवेलला यायच्या, बायच्या पोत्यावर टेकायच्या, पान खायच्या आणि कुठल्या गावात कुठल्या सुनेचं काय चाललंय ते सांगून जायच्या. त्यांच्यात अध्यक्ष नव्हती, सभा नव्हती. पुढे शहरात महिला मंडळं निघाली तेव्हा मीही आत्मविश्वासावर भाषणं ठोकली. श्रोत्यांत एकदा बाय होती. नंतर म्हणाली, "चांगला बोललीस. पन रात्री त्या पोरीने जायाचा कुठं, ते नाय सांगितलास."

रडणाऱ्या मुलीला तिने कधी पोटाशी धरलं नाही. उलट खेकसायची, "रडायचा तं मोठ्याने रड. हलू रडलेला कोन ऐकनार?"

एकदा पलीकडच्या गावात एका घरच्या धाकट्या मुलाची हळद होती. त्या घरच्या थोरल्या सुनेला मारहाण होते, हे बायला बाजारात कळलं होतं. ती बोलावण्यावर गेली, पाटावर नवरदेव बसला, हळदीची वाटी पुढे आली आणि बाय मध्येच गायची थांबली. "थोरली सून कुठाय?" सासू म्हणाली, बरं नाही, झोपली आहे. "उठवा. मोठ्या भावजयीने पयली हलद लावायची." अर्धा तास कुणी हललं नाही. बायही हलली नाही, मांडी घालून सुपारी कातरत बसली. शेवटी दारचं कुलूप काढून त्या मुलीला बाहेर आणावं लागलं. एक डोळा सुजून मिटलेला, हाताला फडकं बांधलेलं. भरल्या मांडवात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर, बायने तिला मधोमध उभं केलं आणि सासऱ्याला विचारलं, "हिला बरा नाय, का तुला?" मगच तिने पुढचा धवला सुरू केला. ती मुलगी त्याच संध्याकाळी, बायने त्या गावात ठरवून ठेवलेल्या बाईच्या दाराशी गेली. हे सगळे लोक आधीपासून सगळं जाणून होते आणि तरी मांडवात जेवायला बसले होते, याचा मला आजही संताप येतो.

आता वसंतीचं सांगते.

वसंती भाऊसाहेबांची थोरली मुलगी, नववीत माझ्या वर्गात होती. नकाशे भरायची तिला भारी हौस. इतर मुली नद्या एकाच निळ्या रेघेने ओढायच्या, ही उगमाशी बारीक आणि मुखाशी रुंद ओढायची. त्या वर्षांत जमिनी सरकारकडे गेल्या होत्या, मोबदला येत होता आणि गावोगावचे मांडव मोठे होत चालले होते. भाऊसाहेबांना पुढारी व्हायचं होतं. पुढारी व्हायला थाटाचं लग्न लागतं आणि लग्नाला मुलगी लागते. उरणकडचं एक तालेवार घर त्यांनी गाठलं आणि नववीच्या परीक्षेआधीची तारीख धरली.

वसंती माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाली, "बाई, माझा भूगोलाचा पेपर राहील." मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते चहा ढवळत म्हणाले, "त्यांच्यात लवकरच करतात हो." त्यांच्यात! मुख्याध्यापकांच्या स्वतःच्या पुतणीचं कॉलेज लग्नापायी सुटलं होतं ते कुणाच्यात? मी भाऊसाहेबांकडे गेले. कायद्याचं नाव काढलं तसे ते हसले. "बाई, तुम्ही शिकवायचं काम करा. पोर आमची आहे."

बायने मात्र हळदीच्या बोलावण्याची सुपारी परत केली. "शालेत जाते ती पोर. मी नाय म्हननार." भाऊसाहेबांनी आजूबाजूच्या गावांतल्या धवलारणींकडे माणसं पाठवली. त्या सगळ्या बाजारात बायच्या शेजारी बसणाऱ्या. एकीचा गळा बसला होता, एकीला सुतक होतं, एकीने सरळ दार लावून घेतलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

हळदीच्या दिवशी दुपारी मी गावात गेले. भाऊसाहेबांनी मला 'जेवून जा बाई' म्हणत मांडवाबाहेरूनच वाटेला लावलं, म्हणून बायच्या ओटीवर येऊन बसले. बाय निवांत जवळा पाखडत होती. "काय नाय होनार," म्हणाली. "धवलारीन नाय तं हलद नाय. संध्याकालपर्यंत पावने उठून जातील, बघ." तेवढ्यात मांडवातला कर्णा खरखरला आणि धवला सुरू झाला.

आवाज बायचा होता.

आदल्या वर्षी भाऊसाहेबांच्याच पुतण्याच्या लग्नात कुणीतरी मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला होता. बायला त्याचं फार अप्रूप वाटलं. ती मुद्दाम त्याच्याजवळ सरकून बसली, दर थोड्या वेळाने विचारत राहिली, "नीट येतो का रं?" आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी हळद खणखणीत म्हटली. आपण गेल्यावर आवाज मागे राहील, एवढाच तिचा लोभ होता. आणि त्याच आवाजावर आता वसंतीला हळद लागणार होती.

बायच्या हातातलं सूप खाली पडलं. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. कर्णा थांबेना. मग ती उठली आणि तशीच, पदर न सावरता, मांडवात धावली. मी मागोमाग. "बंद कर! माजा आवाज हाय तो!"

भाऊसाहेब खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. "आवाज तुजा असंल. कॅसेट माजी हाय."

मांडव हसला. बायकाही हसल्या, काही पदर तोंडाला लावून, काही उघड. वसंतीची आई खाली बघत हळद कालवत राहिली. मी आयुष्यात पुष्कळ अपमान पाहिले आहेत, माझेही झाले आहेत, पण त्या हसण्याने माझ्या अंगाची जी आग झाली ती अजून विझलेली नाही.

बाय घराच्या मागच्या बाजूला पळाली. तिथे वसंतीला बसवून ठेवलेल्या खोलीची खिडकी होती. तिला वसंतीला एकच गोष्ट सांगायची होती, सासरच्या गावातलं नाव. मागल्या आळीतल्या बामीबायचं. कुणीतरी कर्ण्याचा आवाज वाढवला. बाय गजांना धरून ओरडत होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी असून मला तिचा एक शब्द ऐकू आला नाही. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि कानावर पडत होतं ते तिचंच आदल्या वर्षीचं गाणं. मग दोघा पुरुषांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. वसंती गेली ती नाव न कळताच गेली.

त्यानंतर बायने बाजारातली जागा सोडली. इतक्या वर्षांची मोक्याची जागा! डोक्यावर पाटी घेऊन ती वसंतीच्या सासरच्या गावात दारोदार सुकट-बोंबील विकायला लागली. गुडघे दुखत होते, तरी जायची. वसंतीच्या घराच्या ओटीवर पाटी उतरवायची आणि सासूशी तासभर घासाघीस करायची. पहिल्यांदा वसंतीने तिला पाहिलं आणि तोंड फिरवून आत निघून गेली. सासू हसून म्हणाली, "लाजाळू हाय आमची." बाय पुढच्या आठवड्याला परत गेली. तेव्हा सासू पैसे आणायला आत गेली आणि वसंती दाराआडून म्हणाली, "तू कशाला येतेस? खिडकीत उभी राहून म्हटलास ना माझ्या लग्नात धवला?"

त्या मुलीला वाटलं होतं, बाय तिच्यासाठी गात होती. सगळ्यांसारखी बायही फितूर झाली, असं समजून ती सासरी नांदायला गेली होती. मला हे बायने सांगितलं तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा आणि शेवटचा फुटलेला मी ऐकला. "आई, बाप, शाला, कुनी नाय, तं निदान मी हाय, येवढा तरी तिला वाटाया पायजे व्हता," म्हणाली. "त्यांनी तेवढापन ठेवला नाय."

ओटीवर मात्र ती रडत बसली नव्हती. सासू बाहेर यायच्या आत तिने वसंतीला सांगून टाकलं, "म्हननारी मी नव्हती. तो टेप व्हता. मी वरडत व्हती तुला. बामीबाय, मागल्या आलीत, चिंचेपाशी. म्हन बघू." वसंतीने म्हटलं.

पावसाळा संपता संपता बामीबाय वसंतीला घेऊन पनवेलच्या बाजारात आली. वसंतीच्या एकाच पायात चप्पल होती आणि मानेवर भाजल्याचा डाग. बाय त्या दिवशी मुद्दाम आपल्या जुन्या जागी येऊन बसली होती. तिने विचारपूस केली नाही. पोत्यावर सरकून जागा केली आणि पुढ्यात भाकरी ठेवली. निरोप कुणी पोचवला कोण जाणे, तासाभरात भाऊसाहेबांची जीप आली. मी शाळा सुटून तिथे पोचले तेव्हा ते रांगेच्या तोंडाशी उभे राहून बोटाने खुणावत होते. "चल. सासरचे वाट बघतायत."

वसंती पुटपुटली, "मी नाय येनार."

"मोठ्याने बोल," बाय म्हणाली. "त्याला ऐकू नाय आला."

वसंती उठून उभी राहिली. "मी नाय येनार!" अख्ख्या बाजाराने ऐकलं. भाऊसाहेब पुढे सरकले तशी सुक्या मासळीची रांग उठली, मग तिच्यामागची भाजीवाल्यांची. त्यांतल्या कित्येकजणी हळदीच्या दिवशी मांडवात हसल्या होत्या. मला त्यांचा राग होता, अजूनही थोडा आहे, पण उठल्या हेही खरं. जीप आली तशी गेली.

गावाने याचा सूड घेतला. बायला घरमोडी म्हणू लागले, तिच्याकडून मासळी घेणं बंद केलं, हळदीला बोलावणं बंद केलं. नळावर तिची कळशी बाजूला सारायचे. आमच्या शाळेनेही कमी केलं नाही. वसंतीला परत वर्गात घ्या म्हणून मी गेले, तर उत्तर आलं की लग्न झालेल्या मुलीचा इतरांवर परिणाम होईल. परिणाम व्हायलाच हवा होता! शेवटी वसंती बाहेरून दहावीला बसली, पुढे एका बालवाडीत लागली आणि पनवेलला खोली घेऊन बायला स्वतःकडे घेऊन आली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी भाऊसाहेबांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. तोवर पंचक्रोशीत एक समजूत पसरली होती की टेपावर हळद लागली म्हणून थोरलीचं मोडलं. मारलं म्हणून मोडलं, हे म्हणायची कुणाची तयारी नव्हती. टेपाला दोष देणं सोपं. नवऱ्या मुलाची आजी अडून बसली, खरी धवलारीण पाहिजे. आणि एकही धवलारीण बायला विचारल्याशिवाय उभी राहीना. पुढचं आधीच सांगून टाकते. ते लग्न झालं, पण मुलीने मागितलं तसं बारावी झाल्यावर झालं, आणि तेव्हा बाय नव्हती. तिच्या शेजारी बसणाऱ्या धवलारणीने धवला म्हटला.

मी बायला शेवटचं पाहिलं ते दोन दिवस त्याच्या आधीचे. ती वसंतीच्या खोलीत खाटेवर पडून होती, पाण्याचा घोटही जात नव्हता. भाऊसाहेब दारात आले. पांढरे कपडे, हातात नारळ आणि भारी साडी. वसंती त्यांच्याकडे न बघता स्टोव्हला पंप मारत राहिली. ते म्हणाले, "बाय, झाला गेला सोडून दे. धाकटीला म्हनायला तुझीच मानसं पायजेत." बायने नारळाकडे पाहिलंही नाही. "मोठीपुढं हात जोड," म्हणाली. "आनि धाकटीला आन. तिला विचारते."

त्यांनी नारळ आणि साडी खाटेच्या कडेला ठेवली. मग वसंतीकडे तोंड करून त्यांनी हात जोडले, अर्धवट, कुणी बघत नाही ना याचा अंदाज घेत. वसंतीने स्टोव्ह बंद केला आणि म्हणाली, "तिला आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते धाकटीला घेऊन आले. शाळेच्या कपड्यांतलीच पोर, घाबरलेली. बायने हाताच्या इशाऱ्याने आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. तिच्यात उठायची ताकद नव्हती, म्हणून धाकटीनेच आतून कडी लावली. व्हरांड्यात पत्र्याखाली आम्ही तिघे उभे राहिलो, मी, वसंती आणि भाऊसाहेब. ऊन चांगलंच तापलं होतं. आतून बायचा आवाज येत नव्हता, धाकटीचाच येत होता. आधी हळू, मग जोरात, मग न थांबता. भाऊसाहेब घड्याळाकडे बघत होते, घाम पुसत होते, दोनदा दाराकडे गेले आणि वसंती आडवी उभी राहिली तसे मागे आले.

"अजून किती वेळ?" त्यांनी मला विचारलं.

"तिचं बोलून होईस्तोवर," मी म्हणाले.

त्यांच्या घशाला कोरड पडली होती, ते दिसत होतं. माठ माझ्या शेजारीच होता. मी त्यांना पाणी विचारलं नाही.